पश्चिमेस घाटमाथा

भिमू,

तुला जाऊन तेरा दिवस झाले. सुतक फिटलं, घर धुऊन झालं, आज सकाळी बस्तीत जिनदर्शन घेऊन आले. येताना वाटेत तीन ठिकाणी लोकांनी मला थांबवलं आणि तुझं कौतुक केलं. "भीमगोंडा म्हंजे खरा व्रती, आक्का. चौदा वर्सं नियम पाळला, एक पाऊल भायेर टाकलं न्हाय." मी मान डोलावली. तुझं कौतुक झालं की थोडं माझंही होतं, कारण माझ्या धाकट्या भावाला व्रताच्या वाटेला मी लावलं हे गावाला ठाऊक आहे. कसं लावलं ते गावाला ठाऊक नाही. ते आपल्या दोघांनाच ठाऊक होतं, आणि आता मला एकटीलाच आहे.

मेलेल्याशी बोलायची आपल्यात सोय नाही. निपाणीच्या पाठशाळेत मी मुलींना हेच शिकवते की जीव देह सोडतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत दुसरीकडं जन्माला लागतो, मागं वळून बघत नाही. म्हणून श्राद्ध नको, पिंड नको. मग हे कुणाला लिहितेय? एव्हाना कुठं तरी तुझी जागा ठरलीसुद्धा असेल. व्रत मरेपर्यंतचं असतं, पुढच्या जन्माला लागू पडत नाही. एखाद्या कोळणीच्या पोटी गेला असशील तर मासे खाशील, पाप लागेल, पण डोळे उघडताक्षणी समोर समुद्र दिसेल. सौदा तुला पटला असता.

बघ, तेरा दिवससुद्धा धीर निघाला नाही, लागले टोचायला. तू असतास तर म्हणाला असतास, "आक्का, तुझ्या जिभंला तेवढं दिग्व्रत न्हाय." आणि मी चिडले असते.

समुद्रापासून तीस-पस्तीस कोस आत, तंबाखूच्या काळ्या रानात जन्मलेल्या माणसाला जहाजांचं वेड लागावं, याला काय म्हणायचं? बेळगावला शिकायला गेलास आणि तिथल्या एका मास्तरांच्या घरी जुन्या जहाजांच्या चित्रांचं पुस्तक बघितलंस, तिथं सगळं बिघडलं. सुट्टीला घरी आलास की केळीच्या सोपटाची गलबतं करून विहिरीत सोडायचास. आपलं पाणी गाळून प्यायचं घर, अव्वा काठी घेऊन मागं लागायची. तू विहिरीच्या पलीकडच्या कठड्यावरून तिला समजावायचास की गुराब मोठं असतं, दोन-तीन डोलकाठ्यांचं, तोफा वाहणारं. गलबत लहान, वल्ह्यांवर पळणारं. वारा पडला की गलबतंच गुराबाला दोर लावून लढाईत ओढत नेतात. अव्वाला त्यातलं काही कळत नसे. आईच ती, पोरगं विहिरीत पडेल एवढंच तिला कळे.

मला मात्र सगळं कळायचं, कारण मला दुसरं ऐकायला काही नव्हतं. सतराव्या वर्षी विधवा होऊन मी परत आले होते, डोक्यावर पदर घेऊन चुलीपाशी बसायचे. जोंधळे पाखडता पाखडता तुझ्याकडून मी शिडाचे प्रकार शिकले, सुकाणू कुठं असतं ते शिकले, पावसाळ्यात बंदरं का बंद होतात ते शिकले. कपाटाच्या दाराला आतून तू कागद चिकटवला होतास: बघायची बंदरं, अनुक्रमानं. पहिलं वेंगुर्लं, तिथली डचांची जुनी वखार आणि समोर समुद्रातल्या खडकांवरचा दिवा. मग मालवणचा पाण्यातला किल्ला. मग विजयदुर्ग, तिथल्या खाडीत खडक फोडून केलेली गोदी, जिथं मराठ्यांच्या आरमारातली जहाजं दुरुस्तीला चढवत. मग जंजिरा, मुंबईची गोदी, सुरत. कच्छातलं मांडवी, जिथले सुतार कागदावर रेघ न मारता नुसत्या नजरेनं जहाज बांधतात. मग मस्कत. आणि तळाशी, एकटंच, लिस्बन.

"लिस्बन कशाला रं?" मी विचारलं होतं.

"ती माणसं जिथनं निगाली ती जागा बघायची गं. किती लांबनं आलती बघ. आन् आमास्नी घाट उतरवंना झालाय."

आप्पांनी हे ऐकलं आणि म्हणाले, "आधी चिकोडीचा बाजार करून ये." तू गेलास आणि बाजार करून आलास. आप्पांचं ऐकायचास तू सगळं, एक गोष्ट सोडून. शाळा संपवून परत आलास तेव्हा मी एकवीस वर्षांची होते, आणि तू हट्ट धरलास की आक्काला सोलापूरकडच्या आश्रमात शिकायला धाडायचं. आप्पा म्हणाले, विधवा बाई घराबाहेर काढून काय गावाला दाखवायचंय? तू दोन दिवस जेवला नाहीस. तिसऱ्या दिवशी तूच गाडी जुंपलीस, मला चिकोडी रोड स्टेशनात नेलंस, आगगाडीत बसवलंस आणि स्वतः आश्रमाच्या दारापर्यंत आलास. दारात मी रडायला लागले तर म्हणालास, "रडतीस कशाला? मला आजून घाट दिसंना, तुला एवढी लांबची वाट घावली."

हे मी विसरले नव्हते, भिमू. पुढं जे केलं ते हे आठवत असताना केलं.

मी शिकून आले, पाठशाळेत लागले. तुझं लग्न झालं, वर्षाच्या आत साथीच्या तापात बायको गेली, दुसरी केली नाहीस. आप्पा गेले. अव्वाचं निम्मं अंग लुळं पडलं. चुलतभाऊ परसात येऊन जागा मोजल्यासारखी इकडून तिकडं पावलं टाकून जायला लागले, तेव्हा तू नुसता ओट्यावर येऊन बसलास तरी ते निघून जात. मी बाहेर आले तर जात नसत. विधवा बाईच्या उभं राहण्यानं कुणी हलत नाही, हे मला त्या ओट्यावर कळलं.

अशात ते पत्र आलं. निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याला वेंगुर्ल्याच्या बंदरावर वखार सांभाळायला माणूस हवा होता, इंग्रजी-कानडी जाणणारा. तू पत्र मला वाचून दाखवलंस आणि मग पुन्हा एकदा वाचून दाखवलंस. "दिवाळी झाली की जातो, आक्का. बस्तान बसलं की तुला आन् अव्वाला नेतो."

अव्वा खाटेवरून हलणार नव्हती. मी पाठशाळा सोडणार नव्हते. हे तुलाही ठाऊक होतं. तरी तुझा चेहरा असा उजळला होता की तो मला बघवेना. मला राग आला. भीती वाटली असं आता म्हणता येईल, आणि भीती होतीही, पण पहिल्यांदा आला तो रागच. सगळ्या जगात एक माणूस माझ्या बाजूनं उभा होता, आणि तो डचांच्या पडक्या भिंती बघायला जायला निघाला होता.

त्या वर्षी गावात मुनिमहाराजांचा चातुर्मास होता. समाप्तीच्या आधी पुष्कळ जणांनी दिग्व्रत घ्यायचं ठरवलं. दहा दिशांना आपण होऊन हद्द घालायची, अमुक नदी, अमुक डोंगर, आणि मरेपर्यंत ती ओलांडायची नाही. जिथं आपण जाणारच नाही तिथलं पाप आपल्या माथी येत नाही, असा त्यातला विचार. विचार चांगला आहे, आजही मला चांगला वाटतो. मी आश्रमात शिकलेली म्हणून वही माझ्याकडं दिली होती. ज्यानं त्यानं आपापल्या हद्दी मला आधी सांगायच्या, मी लिहायच्या, आणि महाराजांसमोर मी वाचल्या की त्यानं "नियम" म्हणायचं. एकदा तोंडातून "नियम" गेलं की झालं.

तू सकाळी माझ्यापाशी येऊन बसलास. अव्वाच्या जिवाला बरं वाटावं म्हणून तूही व्रत घेणार होतास. पूर्वेला आणि उत्तरेला पार बिहारातल्या शिखरजीच्या तीर्थापर्यंत, दक्षिणेला श्रवणबेळगोळपर्यंत, असं पटापट सांगितलंस. मग थांबलास.

"पश्चिमंला समुद्र लिव्ह," म्हणालास. "पाण्याच्या अलीकडं. मस्कत, लिस्बन सोडलं म्या."

"सोडलंस?"

"व्हय. निम्मं दिऊन निम्मं राकतो. काठाकाठानं फिरीन की गं जलमभर."

कपाटातल्या त्या कागदाचा तळ जणू तू आपल्या हातानं कापून दिलास आणि हसत होतास. मी वहीत लिहिलं. तू माझ्या खांद्यावरून डोकावला नाहीस. डोकावायचं कारणच काय होतं?

दुपारी बस्तीच्या मांडवात सगळं गाव बसलं होतं. अव्वाला खाटेसकट उचलून आणलं होतं. तुझी पाळी आली, तू हात जोडून उभा राहिलास आणि मी वाचलं. शिखरजी वाचलं, श्रवणबेळगोळ वाचलं, आणि मग खणखणीत आवाजात वाचलं, "पश्चिमेस, वायव्येस आणि नैर्ऋत्येस घाटमाथा."

तू माझ्याकडं बघितलंस. मी वहीकडं बघत राहिले.

महाराजच म्हणाले, "असं केलं तर गिरनारचं तीर्थ बाहेर राहील."

"शिखरजी आत आहे, महाराज," मी म्हणाले. तुझ्या वतीनं उत्तरसुद्धा मीच दिलं.

महाराज शहाणे होते. त्यांनी तुला विचारलं, "बाळ, घाई नाही. नीट विचार करून सांग." त्यांनी तुला वाट करून दिली होती. पण खाटेवर अव्वा अर्ध्या तोंडानं रडत होती, पोरगं आता कुठं जात नाही म्हणून, आणि सगळं गाव तुझ्याकडं बघत होतं. बहिणीनं खोटं वाचलं असं त्या मांडवात तुला म्हणावं लागलं असतं. मला माहीत होतं तू म्हणणार नाहीस. तेवढ्या भरवशावरच मी ते लिहिलं होतं.

"नियम," तू म्हणालास.

घरी आल्यावर तू विचारलंस, "वहीतबी तसंच लिवलंयस?" मी हो म्हणाले. "मग ऱ्हाऊ दे," म्हणालास आणि गोठ्यात गेलास. व्यापाऱ्याला नकार कळवलास. मला एका शब्दानं बोलला नाहीस, आणि त्याचाही मला राग आला. भांडला असतास तर मी समोर धर्म उभा करणार होते, तयारी करून बसले होते. तू ती संधी दिली नाहीस.

वर्षभरानं अव्वा गेली. त्यानंतर एकदा जेवताना तू हळूच म्हणालास, "आक्का, आता तू सांग, तू शिकलेली हाईस. पूर्वेचं सगळं सोडतो. शिखरजी सोडतो. हिकडं निपाणीच्या पल्याड पाय टाकत न्हाय. त्याच्या बदल्यात पश्चिमंला धा-पंधरा कोस वाढवून मिळतील का? नुसतं वेंगुर्लं?"

मी ताटात आमटी वाढता वाढता सांगितलं, "त्याला क्षेत्रवृद्धी म्हणतात. एका दिशेची हद्द आखडून दुसरीकडं वाढवायची. दिग्व्रताचे पाच दोष आहेत, त्यातला एक." बाकीचे चारही मोजून दाखवले. परीक्षेत मला यात पैकीच्या पैकी गुण होते.

तू म्हणालास, "मग व्रतच माझं न्हवं. सांगितलं येक, वाचलंस येक."

"तोंड कुणाचं होतं?"

बराच वेळ तू भात कालवत बसलास. "व्हय," म्हणालास. "तोंड माझंच हुतं."

हा वाद आपण कितीदा घातला असेल, आणि दर वेळी मी जिंकले. एकदाही तू म्हणाला नाहीस की आक्का, तुझं दिग्व्रत कुठाय? ते नव्हतंच. गावातल्या सगळ्यांच्या हद्दी लिहिता लिहिता माझी लिहायची राहिली, असं मी कुणी विचारलंच तर सांगणार होते. कुणी विचारलं नाही. तू तर मुळीच नाही.

मग तू दर वर्षी आंबोलीला जायला लागलास. मारुती गाडीवान निपाणीहून तंबाखू घेऊन वेंगुर्ल्याला जायचा आणि येताना मीठ, नारळ आणायचा. दिवाळीनंतर आभाळ धुतल्यासारखं झालं की तू त्याच्या गाडीत बसून आंबोलीपर्यंत जायचास. तो घाट उतरून जायचा आणि तू माथ्यावर उतरायचास. तो परत येईपर्यंत पाच-सहा दिवस तिथंच कुणाच्या तरी पडवीत राहायचास, रोज कड्यावर जाऊन बसायचास. परत आलास की मी विचारायचे, "काय दिसलं?"

"रेघ," म्हणायचास. "चकाकती पांढरी रेघ. कवा कवा त्यात ठिपका आसतोय. शिडाचा हाय का आगबोट, काय कळत न्हाय."

एका वर्षी धुकं होतं. सहा दिवस बसून काहीच दिसलं नाही. घरी येऊन तू नेहमीसारखा गोठा झाडलास, आणि मला बरं वाटलं. हे लिहायला हात थांबतोय, पण खरं तेच लिहायचं ठरवलंय.

आता मुंबईचं सांगते. लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी निपाणीच्या बायकांबरोबर मी गिरनारच्या यात्रेला गेले, वाटेत मुंबईला दोन दिवस मुक्काम होता. तू मला काही आण म्हणाला नाहीस. एक चिठ्ठी दिलीस: भरतीचं पाणी किती चढतं, गोदीची दारं कशी उघडतात, शिडाची जहाजं अजून उभी असतात का. "मला जाता येत न्हाय," म्हणालास, "तर तू माझ्या वाटणीचं बघून ये. सावकाश बघ. आल्यावर सगळं सांग, घाई करू नगो."

तेवढंच मागितलंस. मला ते फार वाटलं. तुझ्या तोंडात तक्रार नव्हती आणि चिठ्ठीभर तक्रारच होती, असं मला वाटलं. बायकांबरोबर पालव्याच्या बंदरावर गेले तेव्हा ती चिठ्ठी माझ्या कमरेला होती. बायका कठड्याला लागल्या, पाणी बघून अगंबाई अगंबाई करायला लागल्या. मी कठड्यावर बसले ती पाण्याकडं पाठ करून. घोडागाड्या बघत बसले. तासभर बसले. गोदीकडं गेलेच नाही. पाठशाळेत माझ्याबरोबर शिकवणाऱ्या चंपाबाई म्हणाल्या, "आक्का, वळून बघा तरी." मी म्हणाले, "उन्हानं डोळे दुखतात." डोळे दुखत नव्हते.

का पाठ केली? खोटं बोलायला लागू नये म्हणून. मी पाहून आले असते तर तुला सांगावं लागलं असतं. सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर पुन्हा तो उजेड आला असता, आणि मी तुझं काय घेतलं ते मला समोर बसून मोजावं लागलं असतं. पाहून "पाहिला नाही" म्हणाले असते तर आश्रमात घेतलेलं माझं सत्याचं व्रत मोडलं असतं. म्हणून मी पाहिलाच नाही. घरी आल्यावर तू पाटावर बसून विचारलंस, "बघितलास?" आणि मी तुझ्या डोळ्याला डोळा लावून म्हणाले, "न्हाय बघितला." अक्षरन् अक्षर खरं. इतकं हुशारीचं खरं कुणी बोललं नसेल.

"बरं," म्हणालास. चिठ्ठी परत मागून घेतलीस.

आता शेवटचं. मुदतीच्या तापानं तुला अठरा दिवस झोपवून ठेवलं. निपाणीचे डॉक्टर येऊन जात. दुपारची वेळ होती, अंगणात तंबाखू वाळत घातली होती आणि तिच्या उग्र वासानं तुला खोकला येऊ नये म्हणून मी खिडकी लावून घेतली होती. ताप थोडा उतरला होता. तू बडबडत नव्हतास, शुद्धीत होतास, हे मी मुद्दाम सांगते. तू माझा हात धरलास.

"आक्का, मुंबैला समुद्र कसा दिसला गं? सांग की."

मी तुझ्या कपाळावरची ओली पट्टी बदलली.

"सांग की गं. कुटं बसलीस, काय दिसलं. मला लई वेळ न्हाय आता."

आणि मी म्हणाले, "भिमू, तुला सांगितलंय ना, म्या बघितला न्हाय."

तू डोळे मिटलेस. "बरं," म्हणालास. मग पाणी मागितलंस, दोन घोट घेतलेस. त्यानंतर तू माझ्याकडं दुसरं काही मागितलं नाहीस. चौथ्या दिवशी सकाळी गेलास.

सत्याच्या व्रतात असंही सांगितलंय की ज्यानं दुसऱ्याचा घात होईल ते खरंसुद्धा बोलू नये. दर वर्षी मी मुलींना हे शिकवते, त्यावर प्रश्न काढते, आणि जिला उत्तर येत नाही तिला उभी करते. तुझा हात हातात असताना ते मला आठवलं नाही, असं नाही. आठवलं. बावीस वर्षं तुझ्या तोंडून ऐकलेला समुद्र माझ्यापाशी होता. डोळे मिटून तासन्‌तास सांगितलं असतं तरी तो पुरला असता. पण मी सांगितलं नाही. खरं बोलणारी बाई म्हणून मला स्वतःलाच जपायचं होतं.

काल मारुती गाडीवान भेटायला आला. ओट्याखालीच बसला, वर ये म्हटलं तरी आला नाही. मग म्हणाला, "आक्का, म्या त्येला दर वर्सी म्हणायचो, चल की खाली. कोन बघतंय हितं? चार दिसात बंदर दाखवून आणतो. तर म्हणायचा, नगो, आक्का इचारंल आन् मला खरं सांगावं लागंल. मग तिलाच वाटत बसंल की आपलं चुकलं."

मी पदर तोंडाला लावला. त्याला वाटलं मी रडतेय, म्हणून मला हसवायला त्यानं पुढचं सांगितलं.

"लई गमत्या मानूस. तुमी मुंबैला ग्येलता नव्हं? चंपाबाईनं त्येला सांगितलं हुतं, आक्का पाण्याकडं पाठ करून बसली तासभर. घाटावर बसून सांगायचा आन् हसायचा. म्हणायचा, आमच्या घरात समुद्र बघायचा मान कुणालाच न्हाय, मारुती. मी लांबनं बघतो आन् आक्का पाठीनं."

तर तुला माहीत होतं. आठ वर्षं माहीत होतं. मी पाहिला नाही हे पक्कं ठाऊक असताना त्या दुपारी तू माझा हात धरून विचारलंस, कसा दिसला. मी खरं बोलते का हे तू तपासत नव्हतास. तू माझ्याकडं एक खोटं मागत होतास. जन्मात एकदा, मरायच्या आधी, आपल्या आक्काच्या तोंडून. चुकीची हद्द वाचताना ज्या तोंडाला खोटं चाललं होतं, त्या तोंडाकडून चार चांगली खोटी वाक्यं. आणि मी तुला व्याकरणशुद्ध खरं ऐकवलं.

माझं व्रत शाबूत आहे, भिमू. आज बस्तीत त्याबद्दलही कुणी तरी मला नमस्कार केला.

ऐक. समुद्र मी पाहिला. पालव्याच्या कठड्याला पोट लावून, पदर खोचून पाहिला. तू म्हणायचास तसा तो निळा नव्हता, सकाळी जोंधळ्याच्या कण्यांसारखा होता आणि ऊन चढलं तसा हिरवा झाला. भरती चढत होती, एकेक पायरी बुडताना मी मोजली, तेरापर्यंत मोजल्या आणि मग चंपाबाई हाका मारायला लागल्या. शिडाची जहाजं होती, कितीतरी होती, डोलकाठ्या पुढं कललेल्या. एकाचं शीड चढवताना सगळे गडी मिळून ओरडले आणि ते शीड भरलं. गोदीची दारं मी उघडताना पाहिली. पाणी आत आलं तेव्हा आतलं जहाज जरासं हललं आणि उभं राहिलं. मी तिथं संध्याकाळपर्यंत होते. तुझ्या वाटणीचं सगळं पाहिलं, सावकाश पाहिलं, घाई केली नाही.

यातलं एक अक्षर खरं नाही. आणि तू आज जिवंत असतास, माझा हात धरून पुन्हा विचारलं असतंस, तर मी तुला पुन्हा तेच सांगितलं असतं, की म्या बघितला न्हाय.

तुझी,
आक्का